फाजचे सहा पाय

घोडेगावच्या आमच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात किस्से लोखंडाच्या किसासारखे साठतात. रोज झाडा, कोपऱ्यात सापडतातच. पण कॉलेजच्या मॅडमनी प्रदर्शनासाठी विषाणूंची मॉडेल्स बनवायला सांगितली, तेव्हाचे वेगळेच!

"घ्या ऑर्डर," साधा हेल्पर असून मीच म्हणालो होतो. दुकानाचे मालक मिस्त्री म्हणाले, "जमलं तर वेल्डिंगचा होल्डर तुझ्या हातात. न्हाई जमलं, तर जन्मभर ग्राइंडर मार!" तेव्हापासून माझं जेवणातही लक्ष नव्हतं.

*

पहिला विषाणू तंबाखूच्या पानावरचा. चित्रात एकसारखे दाणे फिरत फिरत वर चढलेले, त्यांचीच लांब नळी झालेली.

मिस्त्रींनी चष्मा वर केला. "मॅडम, ह्यो तर गोल जिना हाय. रेलिंग लावू का?"

*

दुसरा बॅक्टेरियावर जगणारा, फाज. वीस त्रिकोणांचं डोकं, खाली शेपटी, तिला सहा पाय. मी पत्र्याचे त्रिकोण कापले आणि एका टोकाशी सहा-सहा तारेनं बांधत गेलो. डोकं होईचना, सगळं सपाट!

मिस्त्री म्हणाले, "लई भारी. खिडकीला बसव."

आठवीत शाळा सोडलेली, भूमिती कुणाला विचारणार? चहा तसाच ठेवून एक त्रिकोण काढला, उरलेले पाच ओढून बांधले. पत्र्यानं पाठ वर काढली! मग थांबवेना. बारा टोकं, प्रत्येकाशी पाच. डोकं चहूबाजूंनी बंद झालं.

*

शेपटी दबायला हवी होती, म्हणून मोटारसायकलचा जुना शॉकअप बसवला. मॅडम समजावत होत्या, "हा बॅक्टेरियावर बसतो, शेपटी आखडतो, भोक पाडतो आणि आपला माल आत सोडतो."

मिस्त्री शनिशिंगणापूरचे. म्हणाले, "आमच्या गावात एवढी खटपट कशाला? घरांना दारंच न्हाईत!"

*

"रंग कोणता?" पेंटर बाळूदादांनी विचारलं.

"विषाणूला रंगच नसतो. प्रकाशाच्या लहरीहूनही लहान असतो तो," मॅडम म्हणाल्या.

बाळूदादांनी ब्रश डब्यात बुडवला. "बरं. मग एक हात मारू का दोन?"

*

प्रदर्शनात मॅडमनी फाजच्या डोक्याची टोकं मोजली. बारा भरली. "आलेल्यांना माहिती तूच सांग," म्हणून त्या निघून गेल्या! मिस्त्री शेजारीच, पण जमलं की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

पहिलेच आले सोनईचे एक शेतकरी. त्यांनी फाजच्या पायाला लाथ मारून बघितली. मग सगळा भार टाकून रेलले. फाज हलला नाही.

"पोरा, यावर पाण्याची टाकी किती लिटरची बसंल?"

"काका, हा विषाणू..." मी सुरुवात केली.

मिस्त्रींनी माझा पाय दाबला.

"हजाराची बसंल," ते म्हणाले. "ह्योच करून देईल. आमचा वेल्डर हाय."