पाहुणी गेल्यावर

निघताना डॉक्टर दाराची कडी हातात घ्यायचे, खळखळ वाजवायचे आणि घरातल्या बाईला म्हणायचे, “पाहुणी गेली, पण जाताना ही काढून गेली. आता आपण लावून ठेवायची. बराबर?” बाईने “बराबर” म्हटल्याशिवाय त्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नसे. नव्या माणसाला वाटावं, हे म्हातारबुवा चोराचिलटांची भीती घालत हिंडतायत.

पण ही कडी पहिल्यापासून नव्हती. ती मागाहून आली, आणि फार महागात पडून आली. ते सांगायचं तर आधी डॉक्टर कोण होते ते सांगायला हवं.

ते लहान मुलांचे डॉक्टर. जुन्या जालन्यातल्या कापडवाल्याच्या घरातले. आयुष्यभर दवाखाना चालवला आणि ज्या वयात माणसं सकाळी फिरायला जायला लागतात, त्या वयात दवाखाना पुतण्याच्या हवाली करून हे संशोधनात शिरले. मी त्या प्रकल्पात घरोघर जाऊन आयांशी बोलायच्या कामावर होते. आमचा विषय गोवर. खरं तर गोवर नव्हे, गोवर गेल्यानंतरचे महिने. पुरळ जातं, ताप जातो, पोर हसायला लागतं. आणि काही दिवसांनी तेच पोर न्यूमोनियाने नाहीतर जुलाबाने मलूल होऊन परत दवाखान्यात येतं. गोवर शरीराची जुनी ओळख पुसतो, पूर्वी ज्या आजारांशी लढायला शरीर शिकलेलं असतं ते सगळं विसरतं, एवढं जगाला कळलं होतं. आपल्याकडच्या अशक्त पोरांत हे किती काळ चालतं आणि त्या काळात काय केलं तर पोर वाचतं, हे डॉक्टरांना शोधायचं होतं. महामारीत पुष्कळ लेकरांच्या लसी राहून गेल्या होत्या आणि वाडीवस्तीवर गोवर परतला होता. त्यामुळे काम ढीगभर होतं.

अडचण एकच. कुणी आम्हाला दारात उभं करत नव्हतं.

तुम्ही आमच्या भागातले असाल तर तुम्हाला ठाऊकच आहे. लेकराच्या अंगावर गोवर उठला की घरात देवी आली. दाराला कडुलिंबाचे डहाळे लागतात, फोडणी बंद होते, परका माणूस घरात चालत नाही आणि औषध तर नाहीच नाही. मी चित्रांचे तक्ते घेऊन गेले की आजीबाई दारातूनच म्हणायच्या, “बाई, तुमचं औषध तुमच्यापाशी. आमच्या घरी आई बसलीय.” मी तक्ते गुंडाळून परत फिरायची.

डॉक्टरांनी मात्र नामी युक्ती काढली. अंगणाच्या कडेला बूट काढायचे, हातपाय धुवायचे, लिंबाच्या डहाळ्यांना हात जोडायचे आणि विचारायचं, “पाहुणी कशी हाय आज? राजी हाय ना? तिला भेटायला आलोय.” दार उघडायचं. मग खाटेशेजारी बसून ते लेकराचं पोट खालीवर होताना बघत श्वास मोजायचे, अ जीवनसत्त्वाचा डोस तोंडात सोडायचे आणि म्हणायचे, “हे तिच्यासाठीच हाय. तिला आवडतंय.” घरातलं दुसरं लेकरू लशीचं राहिलंय का, तेही ह्याच गोडीगुलाबीत विचारून घ्यायचे.

बूट नाडीचेच वापरायचे, हा दुसरा हट्ट. दर घरी नाडी सोडा, दर घरी बांधा. जीप खोळंबायची. “सर, चपला घाला की,” मी वैतागून म्हणायची. “नाडी बांधताना खाली बघायला मिळतं गं पोरी. अंगणात पाणी कुठं साचलंय, लेकरं कुठं बसून राह्यलीत, सगळं दिसतं,” ते म्हणायचे.

पण पाहुणी प्रकरण मला पटत नव्हतं. एकदा तोंडावरच म्हटलं, “सर, हे अंधश्रद्धेला खतपाणी नाही का?”

ते रागावले नाहीत. “आत गेल्याबिगर लेकरू दिसतं का? मला आधी आत जाऊ दे. मंग बाकीचं सांगू की.”

बाकीचं सांगायचं ते एका घरी राहून गेलं.

वडीगोद्रीच्या पुढे आडबाजूला एक वस्ती आहे. तिथली परी. तीनेक वर्षांची, गोबरी, डॉक्टरांची बोटं धरून ठेवणारी. तिचा गोवर जोरात होता. डॉक्टर वाकडी वाट करून तिच्याकडे जायचे. ती सावरली. लिंबाच्या पाण्याने अंघोळ झाली, देवीला दहीभाताचा नैवेद्य झाला, आणि परीच्या आईने डॉक्टरांना मानाने पाटावर बसवून वाटी पुढे केली. नैवेद्य अळणी असतो. एरवी डॉक्टर तो घास तोंड वाकडं न करता कसाबसा गिळायचे. त्या दिवशी मात्र वाटी चाटूनपुसून साफ केली. आनंदच तेवढा होता, असं मला वाटलं.

परीच्या आईने दबकत विचारलं, “गेली का हो, डॉक्टरसाहेब?”

“गेली,” डॉक्टर म्हणाले. “राजी होऊन गेली. लई मनापासून केलंत तुम्ही तिचं.”

बाईच्या डोळ्यांना धार लागली. डॉक्टरांचेही डोळे भरले होते, मी पाहिलं. निघताना नाडी बांधता बांधता ते म्हणाले, “पुढच्या महिन्यात येतो. खोकलाबिकला आला तर जल्दी दवाखान्यात या.” पण ते कोण ऐकतंय! देवी राजी होऊन गेली, हे ऐकल्यावर कुठल्याही घराला पुढचं ऐकू येत नाही. ज्या माणसाचं सगळं काम गोवर गेल्यानंतरच्या महिन्यांचं, त्यानेच ‘गेली’ म्हणून गोष्ट संपवून टाकली होती.

घरच्यांनी पोर घेऊन शहागडला लग्न गाठलं. का गाठू नये? पोर बरं होतं, डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. गर्दी, धूळ, दहा जणांच्या कडेवर फिरणं. परतल्यावर परीला खोकला लागला. पाणी बदललं असेल, म्हणून दोन दिवस काढे झाले. श्वास धापेला लागला तेव्हा तिला जालन्याला आणलं. डॉक्टर बातमी कळताच धावले. जे जे करता येतं ते झालं. परी राहिली नाही.

तिची आई वॉर्डाबाहेर भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती. डॉक्टर समोर आले तेव्हा तिने त्यांच्या तोंडाकडे बघून विचारलं, “तुम्हीच म्हणला व्हता ना, राजी होऊन गेली? मंग हे कोण आलं?”

डॉक्टर वळले आणि कोपऱ्यातल्या बेसिनवर किती तरी वेळ हात धूत राहिले.

तेव्हापासून ती कडी. पुढच्याच घरी त्यांनी ती पहिल्यांदा वाजवली आणि मग एकही घर सोडलं नाही. पाहुणी लेकराच्या अंगाची कडी काढून जाते, त्या उघड्या दारातून खोकला शिरतो, जुलाब शिरतात, म्हणून काही महिने लेकरू जपायचं, असं ते बाईला समजावायचे. नैवेद्याची वाटी आली की कपाळाला लावून माझ्या हातात द्यायचे. कडीचा उपयोग झाला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. एरवी धाप लागेपर्यंत थांबणाऱ्या बाया पहिल्या खोकल्याला लेकरू घेऊन येऊ लागल्या. “कडी निघाल्यावानी वाटून राह्यलं, डॉक्टरसाहेब,” म्हणायच्या. पोरं औषध घेऊन घरी जायची. दुसरा कुणी असता तर त्याने ह्यावर पाठ थोपटून घेतली असती. डॉक्टर पुढच्या लेकराचे श्वास मोजायला घ्यायचे.

परीचं घर आता आमच्या फेऱ्यांत नव्हतं. मी मात्र म्हणत राहिले, “सर, एकदा जाऊन येऊ तिच्या आईकडे.”

“जाऊ की. पुढच्या फेरीला.”

पुढची फेरी कधी आलीच नाही. वडीगोद्रीचा फाटा जवळ आला की डॉक्टर वाकून बुटाची नाडी बांधायला लागायचे. ती आधीच बांधलेली असायची. एकदाच, मी फार मागे लागले तेव्हा, खाली वाकूनच म्हणाले, “काय तोंडानं जाऊ गं? तिनं बोल लावला, तो बराबरच लावला. लेकरू घेऊन फिरायची मोकळीक मीच दिल्ती तिला.”

गेल्या हिवाळ्यात डॉक्टर गेले. झोपेतच. संशोधनाचा निष्कर्ष छापून आला होता, त्यात गोवरानंतरच्या महिन्यांत लेकरांवर नजर कशी ठेवावी ते सगळं होतं. कडी अर्थातच नव्हती.

त्यानंतर लसीकरणाच्या कामाने मी त्या वस्तीवर गेले. परीची आई दारात उभी होती, कडेवर लहानगा. त्याच्या सगळ्या लसी झाल्या होत्या. तिने माझ्या पाठीमागे, जीपकडे पाहिलं.

“डॉक्टरसाहेब न्हाई आले?”

मी सांगितलं. ती उंबऱ्यावर बसली, मीही शेजारी टेकले.

“म्या लई वाट पाह्यली त्यांची,” ती म्हणाली. “एक इचारायचं राहून गेल्तं.”

“काय?”

“तेच. देवी राजी होऊन गेल्ती, मंग ते कोण आल्तं?”

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यात बोल नव्हता. ती विचारत होती. आणि त्या दिवशीही ती विचारतच होती. डॉक्टरांना, ज्यांना तेवढं एकच उत्तर पक्कं ठाऊक होतं.

“नैवेद्याच्या भातात माझ्या हातून मीठ पडल्तं,” ती हळूच म्हणाली. “हाताला सवय ना. सासूला बी न्हाई सांगितलं. डॉक्टरसाहेबांनी खाल्ला, त्यांना कळलंच असंल. पण ते काही बोलले न्हाईत. मला वाटलं, तेवढ्यावरूनच देवी माघारी फिरली. मिठानं झालं का, एवढंच इचारायचं व्हतं त्यांना.”

इतके दिवस डॉक्टर तिकडे आणि ही इकडे, दोघं एकाच लेकराचा दोष आपापल्या पदरात घेऊन बसले होते. डॉक्टर तो एक फाटा वळले असते तर दोघं सुटले असते. मला त्यांचा तेव्हा राग आला, आणि रडूही आलं.

मी उठले आणि दाराची कडी हातात घेतली. वाजवली. पाहुणी जाताना काय काढून गेली आणि त्या उघड्या दारातून काय आत आलं, ते डॉक्टर सांगायचे तसं, त्यांच्याच शब्दांत तिला सांगितलं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “म्हंजी मिठानं न्हाई?”

“नाही.”

“बिलकुल न्हाई?”

“बिलकुल नाही.”

तिने पदराने तोंड पुसलं, लहानग्याला सावरून घेतलं. मी अंगण ओलांडून जीपपाशी पोचले तेव्हा मागून कडी लागल्याचा आवाज आला.