मावशींच्या रडण्याचा व्हिडिओ

बायकांच्या वॉर्डात मी सिस्टर म्हणून रुजू झाले तेव्हा आयाचं काम करणाऱ्या मावशींना तिथे सोळा वर्षं झाली होती. पेशंटला कुशीवर वळवायचं तर आधी सांगायचं आणि मगच हात लावायचा, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी ऐकवलं.

"बेशुद्ध असली तरी सांगायचं, सिस्टर. शरीर तिचं आहे, आपल्याला आंदण नाही दिलेलं."

बोलणं असं रोखठोक. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी वळवावं लागतं. मावशींची वेळ कधी चुकली नाही. मोठे डॉक्टरही राउंडला येताना बूट पुसून यायचे, कारण ओल्या लादीवर पाऊल पडलं की मावशी पद बघायच्या नाहीत.

घरी मुलगा आणि सून. मुलगा लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करतो. रोज सकाळी आईला स्कूटरवरून हॉस्पिटलच्या दारात सोडून मग तो पुढे जायचा. सासू-सुनेचं भांडण रोजचं, आणि त्याशिवाय दोघींनाही चैन पडायचं नाही. डबा मात्र सूनच भरायची.

त्या वर्षी आमच्याकडे शाळेतल्या एक निवृत्त बाई चार महिने होत्या. (त्यांच्याबद्दल लिहिते आहे ते मावशींना विचारून. मावशींनी बाईंच्या भाचीला विचारलं आणि मग मला होकार दिला.) बाई भारी किरकिऱ्या. उशी वाकडी, पडदा तिरका, पाणी कोमट. सगळा वॉर्ड त्यांच्यापासून चार हात लांब राहायचा, पण मावशींशी त्यांचं मेतकूट जमलं होतं. दुपारी मावशी त्यांचे केस विंचरायच्या आणि बाई त्यांच्या हजेरीच्या वहीतल्या सहीचं अक्षर सुधारून घ्यायच्या.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास बाई गेल्या. मावशींनी त्यांना पुसून काढलं, केस विंचरले, चादर नीट ओढली आणि उरलेले तीन तास रोजच्यासारखं काम केलं. वॉर्डात रडायचं नाही, बाकीच्या पेशंट धास्तावतात, हा त्यांचा स्वतःचा नियम. दोन वाजता सुट्टी झाल्यावर त्या फाटकासमोरच्या बस थांब्यावरच्या बाकावर बसल्या, डबा उघडला आणि दोन घास खाऊन ढसाढसा रडल्या. दोन बस सोडल्या. तिसरीत बसून घरी गेल्या. घरी कुणाला काही बोलल्या नाहीत.

गुरुवारी मला फोनवर एक व्हिडिओ आला. मागे बासरी, आणि समोर आमच्या मावशी. मांडीवर डबा, गालावरून पाणी. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: "ज्याच्यासाठी हाडांची काडं केली, त्या मुलानेच घराबाहेर काढलं. शिळा डबा आणि आसवं, एवढंच या आईच्या नशिबी." पाहणाऱ्यांचा आकडा लाखांत गेला होता. खाली लोकांनी जीभ सैल सोडली होती. असा मुलगा असण्यापेक्षा नसलेला बरा. पत्ता द्या, बघून घेतो.

मला वाटलं मावशी हसतील. मूर्खपणानं मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोनदा पाहिला.

"डबा शिळा नव्हता," त्या म्हणाल्या. "सुनेनं पहाटे पाचला उठून केला होता."

मग फोन परत देताना म्हणाल्या, "असे व्हिडिओ मीही पाहिलेत. पाहून रडलेय, त्या पोरांना शिव्या घातल्यात. त्या बाईला कुणी विचारलं असेल का, हे एकदाही मनात आलं नाही माझ्या."

प्रकरण तिथेच संपलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. पण मावशींचा मुलगा ज्या मोठ्या सोसायटीची लिफ्ट बघायचा, तिथल्या सेक्रेटरींची आई आमच्या वॉर्डात राहून गेली होती. सेक्रेटरींनी व्हिडिओत मावशींना ओळखलं, आणि आपला लिफ्टवाला त्यांचाच मुलगा हेही त्यांना माहीत होतं. शनिवारी तो हत्यारांची पेटी घेऊन तिथे गेला, तर सेक्रेटरींनी त्याला फाटकातच अडवलं. "आईला रस्त्यावर काढणाऱ्या माणसाच्या हातात आमच्या लेकराबाळांची लिफ्ट द्यायची नाही," म्हणाले. आणखी दोन इमारतींमधून हेच सांगणारे फोन त्याच्या कंपनीला गेले. कंपनीनं वाद नको म्हणून त्याला गोदामात सुटे भाग मोजायला बसवलं. चौदा वर्षं लिफ्टच्या दोरांशी काम केलेला माणूस दिवसभर नट-बोल्ट निवडत बसला.

तो आईला म्हणाला, "जाऊ दे ना आई. महिन्याभरात विसरतील लोक."

"लोक विसरतील. तू विसरशील?"

सोमवारी सुट्टी झाल्यावर मावशी घरी न जाता पोलीस चौकीत गेल्या.

हवालदारानं व्हिडिओ पाहिला, पुन्हा पाहिला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही रस्त्यावर बसला होतात. रस्ता सगळ्यांचा. तिथे कुणी फोटो काढला तर मी कुणाला पकडू?"

"रस्ता सगळ्यांचा. मग माझं तोंडही सगळ्यांचं का?"

"तसं नाही हो..."

"मग कसं, ते लिहून द्या."

त्यानं लिहून दिलं नाही आणि त्यांचा अर्जही घेतला नाही. मी व्हिडिओवाल्या कंपनीकडे फोनवरून तक्रार केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: आमच्या नियमांचा भंग आढळला नाही. मावशींनी विचारलं, "बघणारा माणूस कोण होता?" मी म्हटलं, माणूस नसेल, मशीन असेल. "मग बरोबर," त्या म्हणाल्या, "मशीनला कुठे मुलगा असतो."

आमच्याकडे पूर्वी एक वकीलबाई दाखल होत्या. पाय मोडला होता आणि दीड महिना मावशींनीच त्यांचं सगळं केलं होतं. आम्ही दोघी त्यांच्या ऑफिसात गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं की उघड्यावर कॅमेरा धरला एवढ्यावरून त्या माणसाला अडकवणं सोपं नाही. "पण चित्र काढणं वेगळं आणि त्या चित्राला खोटी गोष्ट चिकटवणं वेगळं. तुमचा चेहरा ओळखू येतोय, गोष्ट खोटी आहे आणि तुमच्या मुलाचं काम गेलंय. इथे आपल्याला धरायला जागा आहे." त्यांनी लेखी अर्ज तयार केला, व्हिडिओची आणि शेऱ्यांची छापील चित्रं तारखेसकट जोडली. तो अर्ज हवालदारानं निमूट घेतला आणि पोच दिली. पण वकीलबाईंनी एक अडचण सांगितली: नोटीस पाठवायची तर कुणाला? व्हिडिओ टाकणाऱ्यानं स्वतःचं नाव लिहिलं नव्हतं. 'जागवा माणुसकी' असं काहीतरी लिहिलं होतं.

मावशी म्हणाल्या, "नाव नसेल त्याला. उभं राहायला जागा तर लागली असेल?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला त्याच बाकावर बसवलं. "रडू नका, नुसतं बसा." माझा फोन घेऊन त्या रस्ता ओलांडून गेल्या. व्हिडिओत मावशींच्या डोक्यावर थांब्याच्या छपराची वरची बाजू दिसत होती, तिच्यावर कुणीतरी फेकलेली एक चप्पलही होती. रस्त्यावरून ते दिसणं शक्यच नाही, म्हणजे कुणीतरी वरून काढलेलं. मावशी समोरच्या तीन इमारतींचे जिने चढल्या-उतरल्या. साठीच्या उंबरठ्यावरची बाई, आठ तासांची पाळी संपवून. प्रत्येक मजल्यावरच्या खिडकीतून फोन धरून बघायच्या, मान हलवायच्या. तिसऱ्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून त्यांनी मला हात केला. खिडकीवर चष्म्याचं मोठं चित्र होतं.

मी धावत वर गेले. चष्म्याचं दुकान. काउंटरमागे पन्नाशी ओलांडलेला, स्वच्छ दाढी केलेला सभ्य गृहस्थ चष्म्याच्या एका काचेची कड घासत होता. त्यानं मान वर केली आणि मावशींना ओळखलं. ते त्याच्या तोंडावरच दिसलं. काच त्यानं हळूच खाली ठेवली.

"मी समाजासाठी करतो हे," तो लगेच म्हणाला. "तुमचं नाव कुठेच घेतलेलं नाही मी."

"नाव नाही घेतलं, तोंड घेतलं. नावानं मला चार जण ओळखत असतील. तोंडानं सगळं गाव ओळखतं."

त्यानं खुर्ची पुढे केली. मावशी बसल्या नाहीत. मुलाचं काय झालं ते त्यांनी सांगितलं, आवाज न चढवता. तो ऐकत गेला तसतसा खाली बघत गेला.

"मला खरंच वाटलं तुम्हाला घरात कुणी विचारत नाही. रोज खिडकीतून इतकी माणसं दिसतात... तुमच्याकडे बघून माझी आई आठवली मला. शेवटी शेवटी मी तिला..." तो थांबला.

मला वाईट वाटलं. मावशींनाही वाटलं असणार, पण त्या हलल्या नाहीत.

"मग तिची गोष्ट सांगा. तिच्यावर तुमचा हक्क असेल. माझ्यावर नाही."

त्यानं फोन काढून आमच्यासमोर व्हिडिओ पुसून टाकला आणि सुटल्यासारखा श्वास घेतला. मावशींनी मला विचारलं, माझ्या फोनवर आलेला गेला का. नव्हता गेला. कसा जाईल? तो तर फोनाफोनातून पसरला होता.

"पुसून भागत नाही," मावशी म्हणाल्या. "खोटं तुम्ही सांगितलंत, खरंही तुम्हीच सांगायचं. त्याच बाकावर बसून. स्वतःचा चेहरा दाखवून."

"माझा चेहरा?" तो दचकला. "नाही हो, मी कधी समोर येत नाही. धंदा आहे, ओळखीचे लोक आहेत. लोक काय काय बोलतील!"

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे त्यालाही कळलं. तरी तो नाहीच म्हणाला.

वकीलबाईंची नोटीस त्याला गेली. आणि मावशींनी आपलं काम सुरू केलं. रोज दोनला सुट्टी झाली की त्या जिना चढायच्या आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसायच्या. भांडण नाही, आरडाओरडा नाही. कुणी विचारलं तरच बोलायचं, हा त्यांचा नियम. पण लोक विचारायचेच.

"अहो, तुम्ही त्या व्हिडिओतल्या ना? मुलानं घराबाहेर काढलं त्या?"

"त्याच. काढलं-बिढलं काही नाही. आणि तो व्हिडिओ करणारे हे."

पहिल्या दिवशी तो आत निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं दुकान दीडलाच बंद केलं. मावशी जिन्यावर बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाला, मी पोलिसांना बोलावीन. मावशी म्हणाल्या, "बोलवा. हवालदार ओळखीचे झालेत आता." चौथ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ चष्म्याची खरेदी अर्धवट टाकून उठून गेले. पाचव्या दिवशी मावशी यायच्या आधीच तो खाली बाकावर येऊन बसला होता. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला घाम. हातात नोटीस.

"काय बोलू?" त्यानं विचारलं.

"खरं."

"तुम्ही का रडत होतात, ते तर सांगावं लागेल ना? लोक विचारतील."

"ते नाही सांगायचं. ते माझं आहे."

फोन त्यानं मावशींच्या हातात दिला. त्यांनी तो त्याच्या तोंडासमोर धरला, पण बटण दाबलं नाही.

"काढू का?" त्यांनी विचारलं.

त्यानं त्यांच्याकडे पाहिलं. मग होकारार्थी मान हलवली.

"तोंडानं सांगा."

"काढा," तो म्हणाला.

पहिल्यांदा तो अडखळला, दुसऱ्यांदा बस आली. तिसऱ्यांदा तो नीट बोलला. या बाकावर बसलेल्या बाईंना मी न विचारता टिपलं. त्यांच्या मुलाबद्दल मी जे लिहिलं ते मी मनानं रचलेलं होतं. त्या बाई आपल्या मुलाच्याच घरात राहतात, डबा ताजा होता. त्या का रडत होत्या हे मला माहीत नाही आणि विचारायचा मला अधिकारही नाही. मी त्यांची आणि त्यांच्या मुलाची माफी मागतो.

हा व्हिडिओ किती जणांनी पाहिला? चार हजार. लाखांच्या गोष्टीला चार हजारांचं उत्तर. मी हिरमुसले. मावशी म्हणाल्या, "मला चार हजार नकोत. एकशे वीस पुरेत." त्या सोसायटीत एकशे वीस घरं होती. पुढच्या दोन रविवारी मावशी आणि सून, भांडत भांडत, तिथल्या प्रत्येक दारावर गेल्या. बेल वाजवायची, फोनवर चष्मेवाल्याचं बोलणं दाखवायचं आणि म्हणायचं, "तुमच्या लिफ्टवाल्याची आई मी. ही त्याची बायको. काही विचारायचं असेल तर आम्हाला विचारा." काहींनी दार लावून घेतलं. बऱ्याच जणांनी पाणी विचारलं. सेक्रेटरींच्या आईनं मावशींना मिठी मारली आणि स्वतःच्या मुलाला, सेक्रेटरींना, सगळ्यांदेखत झापलं. दुसऱ्या महिन्यात त्या लिफ्टचं काम मावशींच्या मुलाकडे परत आलं. बाकीच्या दोन इमारतींनी मात्र नाही म्हटलं ते नाहीच.

हॉस्पिटलात एक बदल झाला. नातेवाईक वॉर्डात फोन घेऊन काहीही टिपत असत, आणि आम्ही कानाडोळा करत होतो. मावशींनी अधीक्षकांच्या मागे लागून दारावर पाटी लावून घेतली: पेशंटला विचारल्याशिवाय फोटो काढू नये. खाली त्यांनी स्वतः एक ओळ वाढवायला लावली: बोलता येत नसेल तर काढूच नये.

व्हिडिओ अजून फिरतो. मध्येच कुठल्या तरी गावाहून कुणी ओळखीचा पाठवतो. परवा मी आणि मावशी एकाच बसमध्ये होतो. एक बाई उठल्या, त्यांनी मावशींना जागा दिली आणि कळवळून म्हणाल्या, "बसा हो. मुलगा आला का मग न्यायला?"

मावशींचा थांबा पुढचाच होता. त्या खाली बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "आला नाही, कारण तो गेलाच नव्हता. सांगते, ऐका."

थांबा गेला. त्यानंतरचाही गेला. मी दारातून खूण केली, तर त्यांनी हातानंच मला थांबवलं. सगळं सांगून झाल्यावर, त्या बाईंनी आपल्या फोनमधून तो व्हिडिओ स्वतःच्या हातानं पुसल्यावरच, मावशी उतरल्या. आणि मग आम्ही दोघी दोन थांबे चालत मागे आलो.