बाजरीचं भाडं

नगरमध्ये एवढी माणसं आली कुठून, हा प्रश्न आमच्या कॉलनीच्या बाकावर रोज संध्याकाळी कुणीतरी विचारतं. मी तेव्हा गप्प बसतो, कारण त्यातली बरीचशी मीच आणली आहेत. मी एसटीत कंडक्टर होतो, आणि नोकरीतली निम्म्याहून जास्त वर्षं पाथर्डीच्या गाडीवर काढली. पूर्वी लोक दवाखान्याला किंवा कोर्टाला यायचे आणि दिवेलागणीच्या आत परतीची गाडी पकडायचे. पुढे पुढे ते पत्र्याच्या पेट्या, गाद्यांच्या वळकट्या, गॅसची टाकी घेऊन चढायला लागले. टाकीवरून मी भांडायचो आणि शेवटी चढवूनही घ्यायचो. ही माणसं संध्याकाळच्या गाडीला दिसायची नाहीत, पण तेव्हा मी त्याचा फारसा विचार केला नाही.

मी स्वतः तरी कुठला इथला? मूळचा श्रीगोंद्याकडचा. सावेडीच्या टोकाला प्लॉट घेतला तेव्हा आजूबाजूला ज्वारी उभी होती आणि मित्रांनी मला वेड्यात काढलं होतं. आता समोर पाच मजली इमारत आहे आणि आमच्या अंगणात दुपारी बारालाच काय ते ऊन येतं. नळाला पाणी आलं की गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि आमच्या तोटीतून नुसती हवा येते. गल्लीत रिक्षा वळत नाही. एवढं होऊन घरपट्टी मात्र दरवेळी वाढलेली. बाकावर सगळ्यात मोठ्याने मीच ओरडायचो, की आम्ही भरतो आणि वापरतात भलतेच.

त्याच वेळी माझ्या मागच्या खोलीत पाथर्डीकडची एक बाई नातीला घेऊन राहत होती.

तिची ओळख गाडीवरची. दिवाळी झाली की तिचं कुटुंब ऊसतोडीला निघायचं, ते उन्हाळ्याच्या तोंडाला परतायचं. पुढे तिचे गुडघे गेले. मुलगा आणि सून तोडीला जायचे आणि ही घरी. नात हुशार होती. गावात राहिली तर तीही एक दिवस कोयता धरणार, याची बाईला भीती होती. एकदा गाडीतच तिने विचारलं, "भाऊ, नगरला येखादी खोली बघा की." माझी मागची खोली मुलासाठी बांधलेली. तो पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. मी म्हणालो, या राहायला, भाडं नको.

यात माझं मोठेपण फार नव्हतं. आम्ही पुण्याला गेलो की घराला माणूस हवं होतं. आणि चारचौघात चांगलं म्हणवून घ्यायला मला आवडतं, हेही खरं.

पहिल्या सुगीला तिने गावाहून बाजरीचं पोतं आणलं. ओसरीवर ठेवून म्हणाली, "हे खोलीचं भाडं." मी हसलो आणि पोतं आत घेतलं. मग दरवर्षी तसंच. तिच्या कोरडवाहू रानातली बाजरी, दाणा बारीक, पण भाकरीला गोडी. थंडीभर आमच्या घरात तीच भाकरी असायची. ती मला भाऊ म्हणायची, माझ्या बायकोला वहिनी. आम्ही दोघं तिला आक्का म्हणायला लागलो. न सांगता अंगण झाडायची.

नात नववीत असताना घरपट्टीसाठी महापालिकेची घरांची मोजणी आली. दोन तरुण, हातात लाल ठिपका टाकणारं यंत्र. मी बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलो होतो, बायको देवळात. त्यांनी आक्कांना विचारलं, इथे कोण राहतं, भाडं देता का?

"देतो की! फुकट न्हाई राहत आमी," आक्का म्हणाल्या. वर त्यांना चहा पाजला. संध्याकाळी हे सगळं त्यांनीच मला कौतुकाने सांगितलं आणि मीही मान डोलावली.

पुढच्या दिवाळीनंतर नोटीस आली. मुळातला दर वाढलेलाच होता, त्यात मागच्या खोलीपुढे 'भाडेकरू' असं लिहिलेलं. आकडा आधीच्या जवळजवळ तिप्पट. एसटीतून निवृत्त झालेल्या माणसाची पेन्शन किती असते, हे सांगायलाही लाज वाटते. माझ्या अंगाची लाही लाही झाली. कार्यालयात रांगेत उभा राहिलो. कारकून म्हणाला, "हरकत घ्या, सुनावणीला त्या बाईंना आणा. भाडं देत नाही असं त्या म्हणाल्या, तर स्वतःच्या वापराचा दर लागेल. नाहीतर खोली रिकामी करा."

घरी येऊन थेट मागे गेलो. आक्का मेथी निवडत होत्या.

"आक्का, साहेबांपुढे एवढंच सांगायचं, मी भाडं देत नाही."

"आन् बाजरी?"

"बाजरीला कुणी भाडं म्हणतं का हो?"

त्यांचे हात थांबले. "तुमी हसून घेत हुता. मला वाटलं, तुमाला मान्य हाय."

"पट्टी मला भरायची आहे, तुम्हाला नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी त्याच वेळी परत घेतलं, असं लिहायला मला आवडलं असतं. पण तेव्हा मला माझंच बरोबर वाटत होतं.

सुनावणीला आक्का लग्नकार्यात नेसायचं हिरवं लुगडं नेसून आल्या. अधिकारी बाई तरुण होत्या, बोलायला चांगल्या. त्यांनी विचारलं, "यांचं आणि तुमचं नातं काय?"

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं त्या मला भाऊ म्हणत होत्या. बहीण आहे, एवढं मी म्हणायचं होतं. पण आडनावं वेगळी, गावं वेगळी, जातही वेगळी. उगाच कागद मागतील, काम अडेल, असं माझ्या डोक्यात आलं. मी म्हणालो, "नातं काही नाही मॅडम. गाडीवरची ओळख."

आक्कांनी खांद्यावरचा पदर सारखा केला. मग स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "फुकट राहते बाई मी. ह्यांच्या दयेवर."

त्यांनी कागदावर अंगठा उठवला आणि शाई त्या हिरव्या पदराला पुसली. बाहेर आल्यावर मी चहाचं विचारलं. पोरगी शाळेतून यायची वेळ झाली, म्हणाल्या.

माझी पट्टी कमी झाली. आठवड्याच्या आत मागची खोलीही रिकामी झाली. मी पुष्कळ सांगितलं, बायकोने तर हात धरला. पोरीची दहावीची परीक्षा तोंडावर होती, निदान तेवढी होऊ द्या म्हणालो. आक्का फक्त "व्हय, व्हय" म्हणत भांडी भरत राहिल्या. जाण्याआधी, फरशी शेणाने सारवता येत नाही म्हणून, खोली पाण्याने धुऊन काढली.

परीक्षेच्या आधी मी त्यांना शोधत बोल्हेगावच्या बाजूला गेलो. कामगारांसाठी ओळीने बांधलेल्या पत्र्याच्या खोल्या, दहा दारांमागे एक नळ. पोरगी शाळेसाठी दोन रिक्षा बदलते, हे तिथे कळलं. ती कोपऱ्यात अभ्यासाला बसली होती. तिने मान वर केली आणि पुन्हा वहीत घातली. आक्कांनी चहा टाकला. मी म्हणालो, चुकलं माझं, परत चला, पट्टीचं मी बघून घेईन.

"नगं," त्या म्हणाल्या. "हितं पैशानं भाडं देते मी. कुनीबी यिऊन इचारू दे."

रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतच होत्या. मी चहा संपवला, कप खाली ठेवला. गुडघ्यांवर हात रेटत त्या उठल्या आणि दारापर्यंत मला सोडायला आल्या.

"या साहेब," त्या म्हणाल्या.