आमचं नेट कोण खातं ते आज कळलं

आज जे पाहिलं ते अजून पचलं न्हाई, म्हणून इथं लिहितोय.

कुरुंद्यातल्या आमच्या नेटवर मी दोन महिने किती बोंबललो, तुमाला माहीतच आहे. आज तर नोकरीच्या इंटरव्ह्यूच्या मधातच माझं चित्र गोठलं. समोरचे साहेब ‘हॅलो, हॅलो’ करून निघून गेले.

रागारागात नेटवाल्याला घरी बोलावलं. तो म्हणाला, “भाऊ, लाईन बराबर आहे. तुमच्याच घरातला दुसरा एक फोन सकाळपासून व्हिडिओवर आहे. एवढ्या छोट्या प्लॅनात दोन व्हिडिओ कसे मावतील?”

मी तडक स्वयंपाकघरात गेलो. आई शेवया करत होती. पिठाच्या डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये सुरतला दिलेली माझी धाकटी बहीण सुनीता, तीही मान खाली घालून शेवयाच करत होती. दोघीही गप्प.

“काहून चालू ठेवला गं हा?”

“शेवया काय एकटीनं करतात व्हय?” आई म्हणाली. “रोजच लावतो आमी. बोलत न्हाई, नुसती सोबत.”

रोज. म्हणजे भिंतीअलीकडून ‘कोण नेट खाऊन राहिलं’ म्हणून मी दिलेल्या शिव्या सुनीतानं रोज ऐकल्या.

फोनमधून हळूच आवाज आला, “दादा, करू का बंद?”

मी न्हाई म्हणालो. पण तिच्याशी शेवटचं नीट बोललो होतो ते राखीला. दोन महिने बहीण माझ्याच घरात बसून होती आणि मला पत्ता न्हाई. तुमच्या घरात कोण बसलंय, एकदा बघता का?