खंडेनवमीचा सर्व्हर

रायपूरच्या शंकर नगरमधल्या आमच्या ऑफिसात छोट्या सेठने फळ्यावर माझा खर्च मांडला, तेव्हा मी समोरच बसले होते. शेतीचे पंप विकणारी फर्म, आणि तिथले कॉम्प्युटर सांभाळणारी मी एकटी, एकवीस वर्षं. फळ्याच्या डाव्या बाजूला माझा पगार, पीएफ, दिवाळीचा बोनस, मुलीच्या कांजिण्यांत घेतलेल्या रजासुद्धा. उजवीकडे बेंगळुरूच्या एका कंपनीचं महिन्याचं पॅकेज. उजवी बाजू निम्मी भरली.

"दीदी, बुरा मत मानना. आजकल सब आउटसोर्स करते हैं," तो गोड आवाजात म्हणाला.

मी बुरा मानलंच. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला दुसरं कोण ठेवणार होतं? त्याचे वडील, म्हणजे मोठे सेठजी, मला पहिल्या दिवसापासून 'बिटिया' म्हणायचे. ते चष्मा पुसत बसून राहिले.

दसऱ्यापर्यंत मुदत मिळाली. तोवर मला येतं ते सगळं लिहून बेंगळुरूला पाठवायचं होतं. घरी नवरा म्हणाला, "काहून लिहून राहिली एवढं? थोडं पोटात ठेव ना. अडले म्हणजे तुलेच बोलावतीन."

सल्ला चांगला होता, पण माझा स्वभाव वाईट. हिने अर्धवट सांगितलं असं उद्या कोणी म्हणायला नको. अकाउंटच्या प्रिंटरचं झाकण नीट लागत नाही, त्यावर दगड ठेवावा, हेही लिहिलं. तिसऱ्या दिवशी प्रश्न आला, दगडाचं मॉडेल काय? मी कळवलं, काळा, नदीतला, नग एक. त्यावर त्यांनी विचारलं, स्पेअर आहे का?

मग त्यांचं काम सुरू झालं आणि मला हुकूम आला की आता दीदीने मशीनला हात लावायचा नाही, नाहीतर लोकांना नवी सवय कशी लागणार? काही बिघडलं की तिकीट टाकायचं, म्हणजे तक्रार लिहायची, आणि चार तास वाट पाहायची. एकदा सफाईत कोणी तो दगड खाली ठेवला आणि प्रिंटर बंद पडला. अकाउंटंटने तिकीट टाकलं. मी दोन पावलांवर हाताची घडी घालून बसलेली. तो प्रिंटरकडे बघायचा, मग घड्याळाकडे, मग माझ्याकडे. "दीदी, बस आँख से बता दो," तो शेवटी कुजबुजला. मी डोळ्यांनी दगड दाखवला.

एक गोष्ट मात्र लिहायची राहून गेली होती, खंडेनवमी. माझे बाबा रेल्वेच्या कारखान्यात होते. त्या दिवशी ते हातोडे, नटबोल्टचे पाने पुसून हळदकुंकू वाहायचे आणि दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचे नाहीत. ती रीत मी ऑफिसात आणली. सकाळी सर्व्हर बंद करायचा, पुसायचा, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा, आणि दुसऱ्या दिवशी पूजा उतरवूनच तो सुरू करायचा. सेठजींना हे फार आवडायचं. पण हे कॉम्प्युटरचं काम आहे असं मला कधी वाटलंच नाही.

त्या वर्षीही मी सर्व्हर बंद केला. कापूर पेटतो न पेटतो तोच बेंगळुरूचा फोन. त्यांच्याकडे लाल दिवा लागला होता. "मॅडम, सर्वर डाउन है, तुरंत रिस्टार्ट कीजिए."

सेठजींनी फोन घेतला. "आज नहीं होगा. आज पूजा है."

पलीकडच्याने बंद पडण्याचं कारण विचारलं. त्याच्या यादीत कारणं तीनच होती: वीज, बिघाड, माणसाची चूक.

"भगवान की मर्जी डाल दो," सेठजी म्हणाले.

तसा रकाना नव्हता. म्हणून नियमाप्रमाणे त्यांनी इंजिनीयर पाठवला. तातडीचा, त्यात सणाचा दिवस, त्याचा दर वेगळा.

आला तो माझ्याच वयाचा. दाराबाहेर चपला काढल्या, सर्व्हरला हात जोडले आणि म्हणाला, "ताई, आमच्या फर्मात मीच मांडत होतो पूजा. मलेबी असंच काढलं." आता तो समता कॉलनीतल्या एका दुकानात होता. बेंगळुरूची कंपनी रायपूरची कामं त्याच दुकानाला द्यायची. "फोनवरून दगड थोडीच ठेवता येते? माणूस लागतेच. तुम्ही या ना आमच्याकडे." त्याने प्रसाद घेतला, कागदावर सही घेतली आणि गेला. बिल आलं तेव्हा छोटा सेठ फळ्यासमोर बराच वेळ उभा होता. पण करार तीन वर्षांचा होता.

मी त्या दुकानात लागले. पहिल्याच आठवड्यात काम आलं: शंकर नगर, पंपांची फर्म, प्रिंटर बंद. गेटवरच्या वहीत नाव लिहिलं, गळ्यात व्हिजिटरचा बिल्ला अडकवला, आत जाऊन झाकणावर दगड ठेवला. अकाउंटंटने टाळ्या वाजवल्या. मला इतका आनंद झाला की येताना वाटेतल्या बुढापारा वस्तीत स्कूटर थांबवून जिलबी घेतली. वर्षभर असं चाललं. दर खेपेला त्यांना वेगळं बिल जायचं. "बघा, मी महाग झाली," मी नवऱ्याला ऐकवायचे.

पुढच्या खंडेनवमीला सेठजींनी स्वतः तिकीट टाकायला लावलं: पूजेसाठी माणूस पाहिजे. मी माळ घेऊन गेले. सर्व्हर बंद केला, पुसला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. नेहमीसारखी नारळाची अर्धी वाटी आणि पेढ्यांचा डबा सेठजींनी माझ्या हातात ठेवला. मग खिशातून पेन काढलं आणि माझ्या बिल्ल्याकडे बघत अगदी अदबीने विचारलं, "छुट्टी के दिन का रेट लगेगा ना, मैडम?"

बिटिया नाही, मॅडम. मी कागदावर रकमेच्या जागी शून्य लिहिलं, त्यांची सही घेतली आणि बिल्ला गेटवर परत केला.