खरवस आंबायच्या आत काठमांडू

निघायच्या आदल्या दिवशीच शेजारच्या आक्काताईची म्हैस व्याली, नाहीतर मी निवांत गेले असते. भल्या पहाटे ती चिकाचा डबा घेऊन दारात.

"तुझ्या पोरीला सातवा लागलाय. फोनवर खरवस मागतीया न्हवं? न्हे की! आन् डबा रिकामा माघारी आणू नगंस."

"अगं, परदेशात जायाचंय. नासंल की!"

पण हात थांबले नाहीत. तिच्याच डब्यात गूळ, वेलदोडा घालून खरवस उकडला. माझी लेक सुनीता चार वर्षं काठमांडूला बोलावतेय आणि मी 'परमुलूख' म्हणून टाळतेय. आता डोहाळे म्हटल्यावर टाळता येतंय होय?

कोल्हापूरहून सकाळी विमानानं मुंबई. तिथं तपासणीला बसलेल्या मुलीनं डबा हातात घेतला. "मावशी, हे पातळ आहे का?"

"पातळ? बघ की!" म्हणत मी झाकण काढून डबा उलटाच धरला. ती दचकली, खाली हात धरला बिचारीनं! खरवस जागचा हलला नाही. आमच्याकडं त्याची परीक्षा अशीच असते.

"जा मावशी," ती हसत म्हणाली, "पण विमानात उलटा करू नका."

मुंबई ते काठमांडू दीड हजारावर किलोमीटर आणि वेळ पावणेतीन तास. आमची एसटी तेवढ्यात पुण्यालासुद्धा पोचत नाही! पण काठमांडूवर आल्यावर विमान उतरेना. खाली गर्दी म्हणून घिरट्या सुरू. मी सारखी झाकण उघडून वास घ्यायची.

शेजारी मुंबईच्या हॉटेलात स्वयंपाक करणारा नेपाळी माणूस होता. डब्यात डोकावून म्हणाला, "बिगौती (चिकाचा खरवस)! आमची आमा (आई) करायची."

त्याला एक वडी दिली. ती तोंडात टाकून तो म्हणाला, "आमा, बाहेर तर बघा."

खिडकीत हिमालय! उन्हात पांढराशुभ्र, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि मी डब्यात नाक घालून बसलेली.

उतरल्यावर कळलं, इथलं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं. म्हणजे तेवढी मिनिटं सीमेवरच कुणीतरी खाल्ली!

विमानतळावर न्यायला आलेल्या सुनीतानं घरी जायचीसुद्धा वाट पाहिली नाही. टॅक्सीतच वडी तोंडात टाकली आणि डोळे मिटले. मी पुन्हा डब्याचा वास घेतला.

"आंबला व्हय गं?"

"वेलदोडा जास्त झालाय," ती म्हणाली आणि डोळे पुसत दुसरी वडी उचलली.

आठ दिवस दाळ-भात, मोमो (वाफवलेल्या करंज्याच म्हणा) खाऊन परतले. डब्यात छुर्पी (याकच्या दुधाचं वाळवलेलं कडक चीज) भरून आणली. आक्काताईनं एक तुकडा दाताखाली धरला.

"दगूड आणलाईस व्हय गं?"

"दुधाचंच हाय. चावू नगंस, चघळ."

"किती लांब हाय गं ते?" गालात तुकडा धरून तिनं विचारलं.

"तुझ्या म्हशीचा खरवस गोडच पोचतो, एवढं."

चार वर्षं मी टाळलं ते अंतर एवढंच होतं. आता दोन महिन्यांनी बाळंतपणाला जायचं आहे. आक्काताईची दुसरी म्हैस कधी व्यायची, ते आधी विचारून ठेवलंय. तिकीट त्यानंतर.