पत्र्याच्या पेटीचं झाकण
साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की मळीचा आंबूस वास आमच्या घरात शिरतो आणि मला ती दुपार आठवते. लेक तेव्हा तीन वर्षांची होती. तिची खेळणी घरभर पसरायची, म्हणून सासऱ्यांनी आपली जुनी पत्र्याची पेटी घासूनपुसून तिला दिली होती. त्या दुपारी मी कपडे वाळत घालून आत आले, तर पोर कुठेच दिसेना. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, पलीकडे पाटाचं पाणी. मी अनवाणीच पाटाकडे पळाले, परत आले, पुन्हा रस्त्यावर गेले. सासूबाई दारोदार विचारत होत्या, ‘मन्ही नात देखी का माय?’ कुणीच पाहिली नव्हती. तेवढ्यात घरातून सासरे ओरडले, ‘आठे शे! आठे शे!’ ती इथेच होती, पेटीत, खेळण्यांवरच मुटकुळं करून झोपली होती, घामाने निथळलेली. बाहुलीचा पाय कडेला अडकल्यामुळे झाकण पुरतं बसलं नव्हतं, तेवढ्या फटीतून हवा जात होती. मी तिला उराशी धरून रडत राहिले. सासऱ्यांनी हातोडी घेतली आणि झाकणाच्या बिजागऱ्या उखडून काढल्या. ‘हाई झाकण आते घरमा नको,’ एवढंच ते म्हणाले. लेक आता सायकलवर शाळेत जाते, तिला यातलं काही आठवत नाही. पण ती जरा नजरेआड झाली की मी अजून हाक मारते, आणि ‘इथेच तर आहे गं आई!’ असं वैतागलेलं उत्तर येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.